गुहागर ते रत्नागिरी किनाऱ्याने पायी: सोलापूरकरांसाठी आखणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातील सहा जणांचा एक गट, वय चाळीस ते साठच्या दरम्यान, त्यातील चौघे दर कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणारे, येत्या हिवाळ्यात गुहागरहून समुद्राच्या कडेकडेने चालत मालवण गाठू इच्छितो. आठ दिवसांची रजा मिळणार आहे. दिवसाला तीस किलोमीटर धरले तर हिशेब जवळपास जमतो, असे त्यांचे म्हणणे आहे. सुरुवात कोणत्या तारखेला करावी, तंबू न्यावेत का आणि सामान किती असावे, हे त्यांना विचारायचे आहे.

तारखेचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे त्यावर मी विस्ताराने लिहिणार आहे; परंतु त्याआधी तीस किलोमीटरचा आकडा बाजूला ठेवावा लागेल. सोलापूर ते तुळजापूर हे सुमारे पंचेचाळीस किलोमीटरचे अंतर आपले लोक एका रात्रीत चालतात, त्यामुळे तीस हा आकडा आपल्याला मोठा वाटत नाही. मात्र ती वाट डांबरी आहे, सलग आहे, रात्रीच्या गारव्यातली आहे आणि पावलोपावली चहापाण्याची सोय असलेली आहे. किनाऱ्यावर यांपैकी एकही गोष्ट नसते. ओल्या, घट्ट वाळूवर माणूस ताशी चार किलोमीटर चालतो, कोरड्या वाळूत तोच वेग अडीचवर येतो आणि खडपावरून, म्हणजे भरतीच्या पाण्याने झिजलेल्या ओबडधोबड कातळावरून, तासाला एक किलोमीटर झाला तरी पुष्कळ. त्यात दर दोन-तीन तासांनी एखादा डोंगर समुद्रात घुसलेला असतो. त्याला वळसा नसतो, वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळी पठारावर, चढून पलीकडे उतरावे लागते. म्हणून पाठीवर सामान घेऊन दिवसाला बारा ते सोळा किलोमीटर हा प्रौढ माणसासाठी समंजस पल्ला आहे. या हिशेबाने आठ दिवसांत गुहागरहून मालवण होत नाही. गुहागर ते रत्नागिरी मात्र छान होते, आणि मी आपल्याला तेवढेच सुचवेन.

कोकणचा किनारा नकाशावर एका रेघेसारखा दिसतो. प्रत्यक्षात तो खाड्यांनी तुकडे केलेला आहे. सह्याद्रीतून येणारी प्रत्येक लहान-मोठी नदी समुद्राला मिळताना खाडी करते. दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, विजयदुर्गला वाघोटन ही मोठी नावे झाली. त्यांच्या अधेमधे नकाशावर जेमतेम दिसणाऱ्या, पण ओलांडताना घाम काढणाऱ्या कितीतरी खाड्या आहेत. खाडीच्या मुखाशी अंतर दोन-चारशे मीटरचे दिसत असले तरी होडी नसेल तर पुलापर्यंत आत जाऊन पुन्हा बाहेर येण्यात अख्खा दिवस जातो. त्यामुळे आखणीचा पहिला कागद हा खाड्यांचा असावा: कोणती खाडी, तिच्यावर पूल आहे का, वाहने नेणारी फेरीबोट आहे का, की गावातल्या कोळ्याची होडी विचारावी लागेल. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गावर नवे पूल होत असल्याने जुन्या माहितीवर विसंबू नये. निघण्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक खाडीकाठच्या गावात फोन करून विचारावे. गुहागर ते रत्नागिरी या टप्प्यात मोठी खाडी एकच आहे, ती शास्त्रीची, आणि तिथे तवसाळ ते जयगड अशी फेरीबोट चालते. हा टप्पा नवख्यांना सुचवण्याचे हे एक कारण आहे.

दुसरा कागद भरती-ओहोटीचा. याच्यावर सगळी सहल उभी आहे. आपल्या किनाऱ्यावर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात आणि त्यांची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी खूप वर चढते आणि तितकेच खोल ओसरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा चढ-उतार कमी. किनाऱ्यावरचे लोक घड्याळाऐवजी तिथीवरून वेळ काढतात, आणि तो हिशेब इतका सोपा आहे की सोलापुरात बसूनही करता येतो. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. त्याच्या सहा तास आधी आणि नंतर ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक-दोन असेच मोजायचे. ही वेळ ढोबळ आहे. तिथी कधी एकोणीस-वीस तासांची असते, कधी सव्वीसची, शिवाय ठिकाणागणिक अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. म्हणून तारीख ठरवण्यापुरता पंचांगाचा आधार घ्यावा आणि प्रत्यक्ष चालण्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातील रत्नागिरीच्या वेळा एका कागदावर उतरवून घ्याव्यात.

आता हा हिशेब चालणाऱ्याच्या सोयीने उलटा करू. आपल्याला सकाळी साडेसहाच्या उजेडात निघून अकरा-साडेअकरापर्यंत चालणे उरकायचे आहे, कारण त्यानंतर उन्हात वाळू नकोशी होते. त्या वेळेच्या मध्यावर ओहोटी हवी, म्हणजे आधी दोन तास आणि नंतर दोन तास घट्ट वाळूचा रुंद पट्टा मिळतो. द्वितीयेला ओहोटी साडेसातला, तृतीयेला सव्वाआठला, चतुर्थीला नऊला, पंचमीला पावणेदहाला, षष्ठीला साडेदहाला, सप्तमीला सव्वाअकराला. म्हणजे दर पंधरवड्यात द्वितीया ते सप्तमी हे सहा दिवस चालणाऱ्याचे. दशमी-एकादशीला निघालात तर सकाळी आठच्या आगेमागे पूर्ण भरती असेल, वाळूचा घट्ट भाग पाण्याखाली असेल आणि आपण वरच्या कोरड्या, घोटाभर रुतणाऱ्या वाळूतून पाय ओढत असाल. तोच किनारा, तीच माणसे, तेच अंतर, आणि केवळ आठवडा चुकल्यामुळे थकवा दुप्पट. रेल्वेचे आरक्षण मिळाले म्हणून तारीख ठरवणाऱ्या गटांची निम्मी ताकद अशीच वाया जाते.

शुक्ल पक्ष की कृष्ण पक्ष, यालाही थोडा अर्थ आहे. कृष्ण द्वितीयेनंतर पहाटे निघताना चंद्र पश्चिमेला समुद्रावर असतो आणि विजेरीशिवाय वाळू दिसते. परंतु कृष्ण चतुर्थी म्हणजे संकष्टी, आणि त्यात मंगळवार आला तर अंगारकी. त्या दिवशी गणपतीपुळ्यात पाय ठेवायला जागा मिळत नाही. खाली दिलेल्या क्रमाने चाललात तर चतुर्थीला आपण हेदवीत असाल आणि गणपतीपुळ्याला गर्दी ओसरल्यावर पोहोचाल. हेदवीलाही दशभुज गणपतीचे देवस्थान असल्याने तिथली खोली मात्र आधीच सांगून ठेवावी लागेल.

महिन्याबद्दल फार चर्चेची गरज नाही. जून ते सप्टेंबर हा विचारच करू नये. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीही बंद असते. ऑक्टोबर दमट असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा अरबी समुद्रातील वादळांचा एक हंगाम आहे; नोव्हेंबर २००९ मधील फयान कोकणाला आठवत असेल. फेब्रुवारी सरता सरता उकाडा वाढतो. उरले डिसेंबर, जानेवारी आणि अर्धा फेब्रुवारी. त्यातून नाताळ ते नववर्षाचा आठवडा गाळावा, कारण तेव्हा प्रत्येक घरगुती निवास पर्यटकांनी भरलेला असतो. जानेवारीचा मध्य तर आपणच गाळाल; सिद्धेश्वरांची यात्रा सोडून सोलापूरकर संक्रांतीला समुद्रावर जाईल, असे मला वाटत नाही. म्हणून डिसेंबरचा पहिला पंधरवडा किंवा जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ, आणि त्यात जिथे द्वितीया येईल तो दिवस, ही आपली सुरुवात.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवावी. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि दुपारी खारे वारे वायव्येकडून येतात, त्यामुळे उशीर झालाच तर वारा पाठीशी राहतो. सूर्य दक्षिणेला कललेला असल्यामुळे ऊन समोरून येते हे खरे, पण त्याला रुंद काठाची टोपी पुरते. शिवाय रत्नागिरीला शेवट केल्यास जिल्हा रुग्णालय, एस.टी. आणि रेल्वे ही सगळी सोय थकलेल्या दिवशी हाताशी येते. जाताना कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण असे गुहागरला उतरावे, आणि येताना आंबा घाटाने कोल्हापूर, मिरज, सांगोला असे थेट सोलापूर.

पहिल्या दिवशी, द्वितीयेला, गुहागरची लांबच लांब पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, संपवून असगोलीवरून पालशेतला थांबावे. हा टप्पा मुद्दाम लहान ठेवला आहे. गुहागरची वाळू सपाट आणि सरळ असल्यामुळे सगळ्यांना जोर येतो आणि पहिल्याच दिवशी टाचा सोलवटून निघतात. हा जोर आवरणे हेच त्या दिवसाचे काम. तृतीयेला पालशेतहून वेळणेश्वर. इथे किनारा सलग नाही, मधले डोंगर वरून पार करावे लागतात, आणि आपण सड्यावर प्रथमच चढता. चतुर्थीला वेळणेश्वर ते हेदवी हा थोडका पल्ला अकराच्या आत संपतो आणि दुपारी तीनला भरती असते. हेदवीच्या किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या देवळाजवळ बामणघळ नावाची कातळातली अरुंद चीर आहे. भरतीचे पाणी तिच्यात कोंडून वर उसळते. उधाणाइतका जोर चतुर्थीला नसतो, तरी पाहण्यासारखे असते. कडेचा कातळ शेवाळलेला आणि निसरडा असतो, तेव्हा पाहायचे ते दुरून.

पंचमीला हेदवी, रोहिले, तवसाळ आणि तिथून फेरीबोटीने जयगड. बोटीची वेळ आदल्या संध्याकाळी विचारून ठेवावी. जयगडचा किल्ला खाडीच्या तोंडावरच आहे. संध्याकाळ तिथे जाऊ द्यावी, तटावरून दुसऱ्या दिवसाची वाटही दिसते. षष्ठीचा दिवस सर्वांत लांब. जयगडपासून पुढे बंदर आणि वीजप्रकल्प असल्यामुळे तिथे पाण्याच्या कडेने जाण्याचा हट्ट करू नये. रस्त्याने तो भाग ओलांडून उंडी, रीळ या बाजूला खाली उतरावे. साडेदहाची ओहोटी असल्यामुळे पहाटे रस्ता आणि नऊनंतर वाळू, असा क्रम आपोआप बसतो. मालगुंडच्या उत्तरेला वरवड्याची खाडी आडवी येते. ती कुठून ओलांडायची हे रीळमध्येच विचारावे. मालगुंड हे केशवसुतांचे जन्मगाव, त्यांचे स्मारक तिथे आहे आणि थकलेल्या माणसाला बसायला ती जागा गणपतीपुळ्याच्या गजबजाटापेक्षा पुष्कळ बरी. मुक्काम शक्यतो मालगुंडलाच करावा.

सप्तमीला गणपतीपुळे, भंडारपुळे, नेवरे, आरे-वारे. या पट्ट्यात दोन डोंगरांमधल्या अर्धचंद्राकृती पुळणी आणि वरून जाणारा रस्ता असे आलटून-पालटून येते. अष्टमीला काळबादेवीची पुळण, मग साखरतरचा पूल आणि शिरगावमार्गे रत्नागिरी. त्या दिवशी ओहोटी दुपारी बाराला असली तरी बराचसा रस्ता पुलाचा आणि डांबराचा असल्याने अडत नाही. प्रवासाचा एक दिवस धरून आठ दिवस भरतात. चालण्याचे एकूण अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास होईल. तुळजापूरच्या दुप्पट, एवढेच.

चालण्याच्या दोन गोष्टी वेगळ्या सांगतो, कारण मैदानी प्रदेशातील माणसाला त्या ठाऊक नसतात. पुळण समुद्राकडे उतरती असते. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला राहतो, म्हणजे दिवसभर उजवा पाय डाव्यापेक्षा खाली पडतो, आणि तिसऱ्या दिवशी गुडघा किंवा खुबा दुखू लागतो. ओहोटीच्या तळाशी वाळू बरीच सपाट असते, तिथे उतरून चालावे. उतार टाळता येत नसेल तेव्हा अधूनमधून रस्त्यावर येऊन पाय सरळ करून घ्यावेत. दुसरी गोष्ट खडपाची. ओहोटी संपून पाणी परतू लागते तेव्हा पहिल्या तासात ते वाढल्याचे कळतही नाही. एकूण चढाच्या जेमतेम बाराव्या भागाइतके ते येते. पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात निम्मी भरती होऊन जाते. डोंगराच्या पायथ्याने खडपावर गेलेले लोक अडकतात ते याच दोन तासांत: मागची वाट बुडालेली, पुढची दिसत नाही आणि वर कडा. म्हणून ओहोटीची वेळ उलटून तास झाला असेल तर खडपावर उतरूच नये, वरची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, किंवा रस्ता धरावा. खाडीच्या मुखातून पायी जाण्याचा विचार तर कोणत्याही वेळी करू नये. पाणी गुडघाभर दिसत असले तरी ओहोटीची ओढ जबर असते आणि वाळूचे दांडे दर पावसाळ्यात जागा बदलतात. खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतल्या, चिखलात कालवांच्या शिंपा असतात, त्या पाय चिरतात.

हवेबद्दल सोलापूरकरांचा एक गैरसमज असतो. आपण बेचाळीस अंश सोसतो, तर एकतीस-बत्तीस अंशांत काय होणार, असे वाटते. आपल्याकडची हवा कोरडी आहे. घाम आला की उडून जातो आणि अंग थंड होते. किनाऱ्यावर घाम उडत नाही, नुसता ओघळतो, पाणी आणि मीठ दोन्ही जातात आणि अंग मात्र तापलेलेच राहते. त्यामुळे तहानेची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला चार घोट प्यावेत. दिवसभराचे मिळून माणशी चार लिटर धरावेत आणि त्यातील एक लिटर मीठ-साखरेचे. किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते, ते तहान वाढवते. सकाळी मुक्कामाच्या घरूनच बाटल्या भरून निघावे. वाटेत कोकम सरबत मिळेल तिथे घ्यावे. गुहागरला एक दिवस आधी पोहोचता आले तर शरीराला तेवढीच सवय होते.

सामान सात-आठ किलोच्या वर जाऊ देऊ नये. तंबू नकोत. पुळणीवर रात्री दव आणि वाळू दोन्ही आत येतात, भरतीची रेषा अंधारात कळत नाही, आणि नोव्हेंबर ते मार्च हा काळ समुद्री कासवांच्या विणीचा असल्यामुळे रात्री किनाऱ्यावर उजेड आणि वावर नसलेलाच बरा. गावोगाव घरगुती निवास आहेत. तिथे राहिल्याने गावालाही चार पैसे मिळतात आणि आपल्याला पुढच्या वाटेची खरी माहिती मिळते. जेवणाचे आदल्या संध्याकाळी फोनवर सांगावे, कारण लहान गावात सहा जणांचे जेवण आयत्या वेळी निघत नाही.

टर्किशचा टॉवेल आणि चादर ही आपल्या गावची शान असली तरी या सहलीला घरीच ठेवावी. खाऱ्या हवेत जाड कापड दोन-दोन दिवस वाळत नाही. सुती पंचा पुरे. शेंगांची चटणी जरूर न्यावी. कडक भाकरी सोलापूरच्या हवेत महिनाभर टिकते, पण दमट हवेत दुसऱ्या दिवशी चामट होते, म्हणून ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि डबा वारंवार उघडू नये. पायात ओल्या वाळूवर पट्ट्यांच्या चपला आणि सड्यावर, रस्त्यावर बूट, असे दोन जोड असावेत. मुक्कामावर पोहोचताच पाय गोड्या पाण्याने धुवावेत, बोटांच्या बेचक्यांतली वाळू काढावी. मीठ आणि घामाने जांघा सोलवटतात; त्यावर सकाळीच खोबरेल तेल लावले की काम होते. हे लिहिताना संकोच वाटतो, परंतु या एका कारणामुळे सहल अर्ध्यावर सोडलेली माणसे मी अनेक पाहिली आहेत.

सड्यावरून जाताना सुक्या गवतात आणि जांभ्याच्या दगडांत फुरसे असते. रत्नागिरी जिल्ह्यात हा साप फार आढळतो आणि तो इतका लहान असतो की दिसत नाही. गडग्यावर, म्हणजे रचलेल्या दगडांच्या कुंपणावर, हात टेकू नये, अंधारात गवतातून जाऊ नये, सड्यावर बूटच घालावेत. दंश झालाच तर चिरणे-बांधणे न करता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळचे ग्रामीण रुग्णालय गाठावे. समुद्रात पोहण्याचा मोह आवरावा; गणपतीपुळे आणि आरे-वारे येथे बुडून माणसे गेली आहेत, आणि पट्टीचा पोहणाराही तलावात शिकलेला असेल तर त्या ओढीत टिकत नाही. समुद्रावर काही घडले तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. निघण्याआधी तीन-चार दिवस हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा उंच लाटांचा इशारा पाहत राहावा. आकाश निरभ्र असतानाही दूरच्या वादळाच्या लाटा आपल्या किनाऱ्यावर येतात. आधार कार्ड जवळ असू द्यावे. पाठीवर पिशव्या घेतलेले सहा अनोळखी लोक मुख्य रस्ता सोडून किनाऱ्याने येताना दिसले की गावकरी आणि सागरी पोलीस विचारणा करतात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. १९९३ साली याच किनाऱ्यावर, अधिक उत्तरेला, स्फोटके उतरली होती. नारळ-पोफळीच्या आगरातून जाणारी वाट जवळची असली तरी घरात हाक मारून विचारल्याशिवाय आत शिरू नये. हंगाम आंब्याच्या मोहोराचा असतो, बागांत फवारणी चालू असते, आणि कुंपण ओलांडलेले कोणालाही आवडत नाही.

सराव सोलापुरात करता येतो, पण तो नेमका करावा लागेल. संभाजी तलावाभोवतीच्या फेऱ्यांनी दम वाढतो, वाळूची आणि चढाची सवय होत नाही. दोन महिने आधीपासून दर रविवारी तुळजापूरचा घाट पाठीवर सहा किलो घेऊन दोनदा चढावा आणि उतरावा. सड्याची चढण त्याच जातीची आहे, फक्त ती दिवसातून तीन-चार वेळा येते. वाळूसाठी पंढरपूरचे वाळवंट किंवा सीनेच्या पात्रात जिथे वाळू उरली असेल ती जागा पाहावी आणि सलग दोन तास चालून पाहावे. एक शनिवार-रविवार सलग दोन दिवस चालावे, कारण पहिल्या दिवशी सगळेच चालतात. कोणाचा पाय काय म्हणतो हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळते. त्या दिवशी सहापैकी एखाद्याला जमले नाही तर त्याला वगळण्याऐवजी टप्पे लहान करावेत किंवा त्याने काही टप्पे एस.टी.ने करावेत, गुहागर ते रत्नागिरी या पट्ट्यात बहुतेक मुक्कामांना गाडी जाते.

मालवणचा विचार सोडण्याची गरज नाही. पुढच्या हिवाळ्यात रत्नागिरी ते विजयदुर्ग करावे. त्यात भाट्ये, पूर्णगड आणि जैतापूर येथे पूल आहेत, पण सडे उंच आणि वस्ती विरळ आहे, म्हणून ते पहिल्या वर्षी नको. विजयदुर्ग ते मालवण तिसऱ्या वर्षी. कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, आणि समुद्र व गड नदीची खाडी यांच्या मधून गेलेली तळाशीलची वाळूची चिंचोळी पट्टी त्या टप्प्यात येते. पट्टीच्या टोकावरून सर्जेकोटला जायला होडी लागते, आणि ती मिळण्याची वेळही भरतीवरच ठरते.